आई-वडिलांच्या पश्चात घर तुम्ही सांभाळताय? राहण्याचा हक्क, खर्चाचा हिशेब आणि वेळेवर करायची कागदपत्रं

भावंडांपैकी एक जण आई-वडिलांच्या घरात राहतो, बाकीचे नोकरीनिमित्त किंवा लग्न होऊन बाहेर पडतात. आजारपण, दवाखाना, रात्रीची धावपळ घरातल्याच्याच वाट्याला येते. आई-वडील गेल्यावर गळकी गच्ची, घरपट्टी, सोसायटीचा मेंटेनन्स हेही तोच बघतो. दहा-पंधरा वर्षांनी घर विकायचा विषय निघतो आणि दोन वाक्यं आमनेसामने येतात. “एवढी वर्षं मी सांभाळलं, घर माझंच.” आणि, “एवढी वर्षं फुकट राहिलास, आता भाडं मोज.”

कायद्यापुढे ही दोन्ही वाक्यं बहुतेक वेळा टिकत नाहीत. घरात राहिल्याने हिस्सा वाढत नाही, आणि निव्वळ राहिल्याबद्दल भाडंही लागू होत नाही. पण घर टिकवण्यासाठी जे पैसे घातले त्याचा हिशेब मागण्याचा हक्क नक्की आहे. तो बजावता येईल की नाही हे तुम्ही वेळच्या वेळी काय लिहून ठेवलं यावर ठरतं. हा सगळा लेख त्यासाठीच आहे. यातले नियम महाराष्ट्रातल्या घरांचे आणि मुख्यतः हिंदू कुटुंबांचे आहेत. बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही वारशाचा हाच कायदा लागतो. मुस्लिम, ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांत हिश्श्यांचं गणित वेगळं असतं. पावत्या, नोंदी आणि खर्चाच्या हिशेबाबद्दल पुढे जे सांगितलं आहे ते मात्र त्यांच्याही कामाचं आहे.

पहिली पायरी : घर नेमकं कुणाचं होतं?

“बाबांचं घर” म्हणजे कागदावर काय, हे आधी काढा. खरेदीखत, सोसायटीचं भाग प्रमाणपत्र, शहरात सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका, गावठाणात ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, जमीन शेतीची असेल तर सातबारा. यातला नमुना ८ किंवा महापालिकेची घरपट्टीची पावती हा कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा नव्हे. घरपट्टी दहा वर्षं तुमच्या नावाने येत असली तरी त्यामुळे तुम्ही एकटे मालक होत नाही.

मग मृत्युपत्र आहे का ते शोधा. दोन साक्षीदारांच्या सह्या असलेलं मृत्युपत्र नोंदवलेलं नसलं तरी वैध असू शकतं. कपाटात, बँकेच्या लॉकरमध्ये, जुन्या वकिलांकडे चौकशी करा. वैध मृत्युपत्र असेल तर स्वकष्टार्जित मिळकत त्याप्रमाणे जाते आणि खालचं हिश्श्यांचं गणित लागू होत नाही.

घर भाड्याचं किंवा पागडीचं असेल तर गोष्ट पूर्ण वेगळी आहे, आणि इथे राहण्याला खरोखरच किंमत आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ नुसार भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणारा कुटुंबातला सदस्य भाडेकरू ठरतो. असं कुणी नसेल तरच बाकीच्या वारसांचा विचार होतो. त्यामुळे पागडीच्या खोलीत आई-वडिलांसोबत राहत असाल तर रेशनकार्ड, आधार, मतदार यादी आणि गॅसचं कार्ड यांवर तोच पत्ता असल्याचे पुरावे जपून ठेवा. मालकीच्या घरात या पुराव्यांनी हिस्सा तसूभरही वाढत नाही.

दुसरी पायरी : हिस्से कागदावर मांडा

वडिलांचं स्वकष्टार्जित घर असेल आणि मृत्युपत्र नसेल तर हिंदू उत्तराधिकार अधिनियम १९५६ प्रमाणे पत्नी, प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी आणि वडिलांची आई हयात असेल तर ती, या सर्वांना सारखा वाटा मिळतो. मुलगा किंवा मुलगी आधीच वारली असेल तर तो वाटा त्यांच्या मुलाबाळांकडे जातो. मुलाच्या विधवेचाही त्यात भाग असतो. घर आईच्या नावावर असेल तर तिच्या पश्चात नवरा आणि मुलं-मुली सारखे वारस होतात.

लग्न झालेल्या बहिणीचा हिस्सा नसतो, हा समज अजून अनेक घरांत आहे. तो चुकीचा आहे. वडिलोपार्जित मिळकतीतही मुलगी जन्मानेच मुलाइतकी हिस्सेदार आहे. २००५ च्या दुरुस्तीने ते स्पष्ट केलं आणि त्यासाठी ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असणं गरजेचं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली विनीता शर्मा खटल्यात ठरवलं. राहत्या घराची वाटणी मागायला मुलींना असलेली जुनी आडकाठीही २००५ मध्येच गेली. मिळकत वडिलोपार्जित असेल तर अपूर्णांक वेगळे येतात. ते गणित वकिलाकडून लिहून घ्या, अंदाजाने करू नका.

पुढच्या उदाहरणासाठी एक साधं कुटुंब धरू. वडील गेले, मागे आई, दोन मुलगे आणि एक मुलगी. प्रत्येकाचा पाव हिस्सा. धाकटा मुलगा आईसोबत त्याच घरात राहतो.

तिसरी पायरी : राहण्याचा हक्क आणि त्याची हद्द

सहमालक म्हणून त्या घरात राहण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पाव हिस्सा म्हणजे एक खोली तुमची आणि बाकी बंद, असं नसतं; वाटणी होईपर्यंत प्रत्येक सहमालकाचा घराच्या प्रत्येक इंचावर हक्क असतो. म्हणूनच दुसऱ्या भावंडांनी तुम्हाला परस्पर बाहेर काढणं बेकायदा आहे. जबरदस्तीने ताबा घेतला गेला तर विशिष्ट साहाय्य अधिनियमाच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावता येतो. ही मुदत कडक आहे. “घरातलं भांडण आहे, मिटेल” म्हणत ती घालवू नका.

हाच हक्क बाकीच्यांनाही आहे. बहीण चार दिवस राहायला आली आणि तुम्ही कुलूप बदलून ठेवलं असेल, तर तुम्ही तिला तिच्याच घरातून वगळलंत. इथून तुमची बाजू पडायला लागते. निव्वळ राहण्याबद्दल सहमालकाला भाडं द्यावं लागत नाही, पण दुसऱ्याला वगळून एकट्याने ताबा ठेवला तर त्याच्या हिश्श्याच्या उत्पन्नाची भरपाई न्यायालय तुम्हाला द्यायला लावू शकतं. म्हणून एक किल्ली भावंडांकडे असू द्या.

घराचा काही भाग भाड्याने दिला असेल तर ते भाडं सगळ्यांचं. वरचा मजला महिना ९,००० रुपयांनी दिला तर वर्षाचे १,०८,००० झाले. त्यातून घराचा खर्च वजा करून उरलेली रक्कम चौघांची. हा पैसा गुपचूप खिशात गेला की तुम्ही प्रामाणिकपणे केलेल्या दुरुस्तीच्या खर्चावरही कुणी विश्वास ठेवत नाही.

भिंती पाडणं, मजला चढवणं, घराचा ढाचा बदलणं ही कामं बाकीच्यांच्या लेखी संमतीशिवाय करू नका. महापालिकेची किंवा ग्रामपंचायतीची परवानगी हा आणखी वेगळा विषय.

चौथी पायरी : खर्चाचा हिशेब

सगळ्यात जास्त घरं इथे फाटतात, म्हणून जरा सावकाश बघू. खर्च तीन जातींचे असतात आणि तिन्हींना कायद्यात सारखी किंमत नाही.

पहिली जात अशा देण्यांची, जी सगळ्या मालकांवर बंधनकारक आहेत: घरपट्टी, सोसायटीचा मेंटेनन्स, घरावरच्या कर्जाचे हप्ते. तुम्ही एकट्याने भरले तर बाकीच्यांच्या हिश्श्याइतकी रक्कम मागण्याचा तुमचा हक्क सगळ्यात बळकट आहे. भारतीय करार अधिनियमाचं कलम ६९ नेमकं याचसाठी आहे. अशा रकमेसाठी वेगळा दावा करायचा तर पैसे भरल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. वाटणीच्या दाव्यात न्यायालय न्याय म्हणून जुने खर्चही जमेला धरू शकतं, पण त्या भरवशावर राहू नका. पाणी आणि विजेचं वापरानुसार येणारं बिल मात्र राहणाऱ्याचं. ते मागू नका.

दुसरी जात घर वाचवणाऱ्या दुरुस्तीची: गळणारी गच्ची, तुंबलेली ड्रेनेज लाइन, वाळवी लागलेला वासा, धोकादायक झालेली बाल्कनी. ही न करता घराची किंमतच घसरली असती, त्यामुळे हा खर्च सगळ्यांनी वाटून घ्यावा ही मागणी रास्त आहे आणि सहसा मान्य होते. अट एकच: काम गरजेचं होतं आणि खर्च खरा होता, हे दाखवता आलं पाहिजे.

तिसरी जात सोयीची: मॉड्युलर किचन, फॉल्स सीलिंग, नवी फरशी. यात घातलेली रक्कम जशीच्या तशी परत मिळेल अशी अपेक्षा धरू नका. घराची किंमत खरोखर वाढली असेल तर तेवढ्या वाढीपुरता विचार होतो. वाटणी करताना तुम्ही सुधारलेला भाग शक्यतो तुमच्याच वाट्याला देण्याकडे न्यायालयांचा कल असतो. संमतीशिवाय हौसेने केलेल्या कामाचे पैसे भावंडांकडून मागणं मला स्वतःला योग्य वाटत नाही.

चौथी गोष्ट कुठल्याच जातीत बसत नाही, पण मनाला सगळ्यात जास्त लागते: आई-वडिलांची केलेली सेवा. औषधपाणी, रात्रीची जागरणं, सोडलेल्या नोकऱ्या. वृद्ध आई-वडिलांचा सांभाळ ही मुलाची आणि मुलीची सारखीच कायदेशीर जबाबदारी आहे; त्यामुळे एकट्याने पार पाडली म्हणून कायदा घरात जादा हिस्सा देत नाही. हे कठोर आहे. त्यावरचा खरा उपाय आई किंवा वडील हयात असतानाच करता येतो. तो शेवटच्या पायरीत सांगतो.

दुसऱ्या जातीच्या कामाआधी भावंडांना काय कळवायचं, याचा एक नमुना. कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एवढं पुरतं:

“दादा, ताई, गच्चीतून मागच्या खोलीत पाणी गळतंय, भिंतीला ओल धरली आहे. फोटो सोबत टाकलेत. दोन कंत्राटदारांचे अंदाज आलेत, १,४५,००० आणि १,६२,०००. पहिल्याचं काम बघून आलो, चांगलं आहे. पावसाच्या आधी करून घ्यायला हवं. पैसे आत्ता मी भरतो, पण हा घराचा खर्च आहे, तो पुढे सगळ्यांच्या हिश्श्यात धरायचा. तुमचं काही म्हणणं असेल तर रविवारपर्यंत कळवा.”

या मेसेजमध्ये गरज, अंदाज, कोण भरतंय, पुढे काय करायचं आणि उत्तरासाठी मुदत, सगळं आलं. कुणी “ठीक आहे” लिहिलं तर संमती झाली. कुणीच उत्तर दिलं नाही तरी तुम्ही लपवून काही केलं नाही, हे सिद्ध होतं. ही चॅट एक्सपोर्ट करून ईमेलवर ठेवा, आणि फोन बदलला तरी जुना टाकून देऊ नका. इलेक्ट्रॉनिक पुरावा न्यायालयात देताना प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि मूळ उपकरण हाताशी असलेलं बरं.

पैसे बँकेतून किंवा यूपीआयने द्या. बिलावर घराचा पत्ता आणि कामाचं वर्णन लिहून घ्या; नुसतं “मजुरी ४०,०००” अशी चिठ्ठी कामाची नाही. कामाआधीचे आणि नंतरचे फोटो तारखेसह ठेवा. वर्षाअखेरीस एका पानावर हिशेब काढून सगळ्यांना पाठवा, जमा झालेलं भाडंही त्यात दाखवा. सुधारणेची बिलं पुढे घर विकताना भांडवली नफ्याच्या हिशेबातही लागतात.

आता आकडे घालून बघू. समजा पाच वर्षांत धाकट्याने पहिल्या दोन जातींचा मिळून ३,६०,००० रुपये खर्च केला आणि घर ६० लाखांना विकलं. आधी त्याचे ३.६ लाख बाजूला काढले. उरले ५६.४ लाख. चार वाटे, प्रत्येकी १४.१ लाख. धाकट्याच्या हातात एकूण १७.७ लाख. पावत्या नसत्या तर सरळ १५-१५ लाख झाले असते. म्हणजे त्या फायलीची किंमत त्याच्यापुरती २.७ लाख.

पाचवी पायरी : नोंदी करून घ्या

मृत्यूचा दाखला मिळाला की वारस नोंदीचा अर्ज करा. जमीन महसूल संहितेप्रमाणे हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याकडे कळवायचं असतं. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. ई-हक्क प्रणालीवरून घरबसल्याही अर्ज करता येतो. सिटी सर्व्हे हद्दीत तोच अर्ज नगर भूमापन कार्यालयात जातो. अर्जात सगळ्या वारसांची नावं द्या, बहिणींचीही, वारलेल्या भावाच्या मुलांचीही. एखादं नाव गाळून केलेली नोंद आव्हान दिल्यावर उभी राहत नाही आणि नोंदीने मालकी ठरतही नाही.

हे मला जोर देऊन सांगायचं आहे. वारस नोंदीसाठी बहिणीच्या हक्कसोडपत्राची गरज नसते. “फेरफारासाठी सही लागते” असं सांगून हक्कसोडपत्रावर सही घेणं ही फसवणूक आहे. ज्याने घर मनापासून सांभाळलं त्याने तर हे मुळीच करू नये.

वारसांबद्दल वाद किंवा शंका असेल तर मुंबई विनियम ८, १८२७ खाली दिवाणी न्यायालयाकडून वारस दाखला घेता येतो. उत्तराधिकार प्रमाणपत्र मात्र बँक ठेवी, शेअर्स, येणी यांच्यासाठी असतं. घरासाठी ते काढायला धावू नका.

फ्लॅट असेल तर नॉमिनीचा प्रश्न येतो. वडिलांनी तुमचं एकट्याचं नाव नॉमिनी म्हणून दिलं असलं तरी फ्लॅट तुमचा झाला असा अर्थ होत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १५४ब-१३ प्रमाणे नॉमिनीला तात्पुरता सदस्य करून घेतात, खरे वारस ठरून सदस्य होईपर्यंत. तोवर सोसायटीशी व्यवहार तुम्ही करायचा, मालकी सगळ्यांची.

बारा वर्षांचा गैरसमज

“बारा वर्षं ताब्यात असलं की घर आपलं होतं.” हे इतक्या जणांनी इतक्या खात्रीने सांगितलेलं असतं की लोक हिशेब ठेवायचंही सोडून देतात. प्रतिकूल ताब्याचा नियम परक्याच्या ताब्यासाठी आहे. एका सहमालकाचा ताबा हा सगळ्यांच्या वतीने असलेला ताबा मानला जातो. सर्वोच्च न्यायालयाने हे १९५६ सालीच स्पष्ट केलं आहे. तो प्रतिकूल व्हायचा असेल तर तुम्ही बाकीच्यांचा हक्क उघडपणे नाकारलेला असला पाहिजे, ते त्यांना माहीत असलं पाहिजे, आणि त्यानंतर बारा वर्षं गेली पाहिजेत. गणपतीला सगळी भावंडं त्या घरात जमत असतील तर हा दावा उभाच राहत नाही.

बाहेर राहणाऱ्या वारसांसाठी यातच एक सूचना आहे: “तुझा इथे काही हिस्सा नाही” असं लेखी किंवा नोटिशीने सांगितलं गेलं, तर त्या दिवसापासून घड्याळ सुरू होतं. वकिलाकडे जायला उशीर करू नका.

सहावी पायरी : भावंडाने हिस्सा बाहेर विकायला काढला तर

अविभक्त हिस्सा विकण्यापासून तुम्ही भावाला कायमचं रोखू शकत नाही. पण घरात राहणाऱ्याच्या बाजूने तीन तरतुदी आहेत. हिंदू उत्तराधिकार अधिनियमाचं कलम २२ सांगतं की वर्ग एकच्या, म्हणजे पत्नी, मुलं-मुली, आई अशा जवळच्या वारसांपैकी कुणी आपला हिस्सा विकायला काढला तर बाकीच्यांना तो आधी घेण्याचा हक्क आहे. किंमत जमली नाही तर न्यायालय ठरवतं. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ४४ प्रमाणे कुटुंबाच्या राहत्या घराचा हिस्सा घेणाऱ्या परक्याला घरात येऊन एकत्र राहण्याचा हक्क मिळत नाही. आणि त्याने वाटणीचा दावा केला तर विभाजन अधिनियम १८९३ च्या कलम ४ खाली त्याचा हिस्सा न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला विकत घेण्याची मागणी तुम्ही करू शकता. विक्रीची कुणकुण लागताच “मी घ्यायला तयार आहे” अशी लेखी नोटीस द्या. हे हक्क पैशाची तयारी असणाऱ्याच्याच उपयोगाचे आहेत, म्हणून गृहकर्जाची चौकशी आधीच करून ठेवा.

सातवी पायरी : कायमचा तोडगा

आई हयात असेल तर तिच्या पाव हिश्श्याबद्दल तिने काय करायचं हे सर्वस्वी तिने ठरवायचं आहे. तिने काहीच केलं नाही तर तो पाव हिस्सा तिन्ही मुलांत सारखा जाईल आणि प्रत्येकाचा एक तृतीयांश होईल. सांभाळणाऱ्या मुलाला जास्त द्यावं असं तिला वाटत असेल तर तिने मृत्युपत्र करावं. सेवेची दखल घेण्याचा हा सरळ, कायदेशीर मार्ग आहे. बक्षीसपत्रापेक्षा मृत्युपत्र बरं असं माझं मत आहे, कारण ते आईला हयातीत कधीही बदलता येतं आणि तिच्या डोक्यावरचं छप्पर तिच्याच हातात राहतं. मृत्युपत्र करताना वकिलाशी तिने एकटीने बोलावं, साक्षीदार घरातले नसावेत, आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडावं.

भावंडं राजी असतील तर घराचं मूल्यांकन सरकारमान्य मूल्यांककाकडून करून घ्या, खर्चाचा हिशेब त्यातून वजा करा आणि हिस्से विकत घ्या. वरच्या उदाहरणात धाकट्याला घर ठेवायचं असेल आणि आईचा हिस्सा तिच्याकडेच राहणार असेल, तर भाऊ आणि बहीण यांना प्रत्येकी १४.१ लाख, म्हणजे २८.२ लाख लागतील. आईच्या हिश्श्यात आलेले दुरुस्तीचे ९०,००० घ्यायचे की सोडायचे हे आई आणि धाकट्याने ठरवावं. पैसे एकदम जमत नसतील तर हप्ते ठरवा, पण तारखांसह लिहा.

मोबदला न घेता कुणी हक्क सोडत असेल तर हक्कसोडपत्र. ते कुणाच्या लाभात आहे त्याचं नाव स्पष्ट लिहा. ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवणं सक्तीचं आहे. स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेल्या कागदाने घरातला हक्क सुटत नाही. जवळच्या नात्यात मुद्रांक शुल्कात मोठी सवलत मिळते, चालू दर तिथेच विचारा. वारसांत अज्ञान मूल असेल तर त्याचा हिस्सा पालकाला परस्पर सोडता येत नाही, न्यायालयाची परवानगी लागते.

बोलणी फिसकटली तर वाटणीचा दावा. आधी न्यायालयातल्या मध्यस्थी केंद्राचा पर्याय मनापासून वापरा. पुष्कळ कुटुंबं तिथे मोकळी होतात. दाव्यात न्यायालय प्रथम हिस्से ठरवतं, मग कमिशनर नेमून घर विभागता येतं का ते बघतं. दोन खोल्यांचं घर चार जणांत विभागता येत नाही. अशा वेळी निम्मा किंवा त्याहून जास्त हिस्सा असणाऱ्यांनी मागणी केली तर न्यायालय विक्रीचा आदेश देऊ शकतं, आणि त्या टप्प्यावर विभाजन अधिनियमाच्याच कलम ३ खाली तुम्ही त्यांचे हिस्से ठरवलेल्या किमतीला घेण्याची परवानगी मागू शकता. खर्चाचा दावा याच दाव्यात लेखी मांडा, पावत्यांच्या यादीसह; तोंडी सांगितलेलं निकालपत्रात येत नाही.

तडजोड होवो वा निकाल, शेवटचं काम विसरू नका. नोंदवलेल्या दस्ताची आणि इंडेक्स टूची (दस्ताच्या नोंदणीचा गोषवारा) प्रत घेऊन मिळकत पत्रिका, सोसायटी, घरपट्टी आणि वीज मीटर या चारही ठिकाणी नावं बदलण्याचा अर्ज द्या, पोच घ्या, आणि दोन महिन्यांनी नवा उतारा काढून बदल झाला आहे का ते स्वतः तपासा.